गोलातली जागा

२९ ऑक्टोबर, रविवार

काल मला लाल कार्ड मिळाले. त्यामुळे शुक्रवारच्या उपांत्य सामन्यात मला माझ्या संघाशी एक शब्दही बोलता येणार नाही. बोलायला बंदी आहे म्हणून लिहिते आहे. दुसरे काही कारण नाही. दैनंदिनी लिहिणाऱ्या बायकांचा मला एरवी कंटाळाच आहे.

घडले ते असे. साखळीतला शेवटचा सामना, समोर सेंट ओडिलिया. कडेच्या पंचाने आमच्या ऑड्रीला ऑफसाइड दिले. ती ऑफसाइड नव्हती. मी त्याला विचारले, "माझा चष्मा देऊ का?" पिवळे कार्ड. मग मी खरोखरच चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. लाल. मुली हसल्या. मी विनोद केला नव्हता. चष्मा हातात असल्याने मला मुख्य पंचाचा चेहराही दिसला नाही, नुसता लाल रंग दिसला.

नियम असा की हाकललेल्या प्रशिक्षकाने पुढच्या सामन्यात संघाच्या नजरेआड आणि आवाजाबाहेर राहायचे. क्रीडा विभागाच्या संचालकांचा सकाळी फोन आला. "वर्ना, निदान आठवडाभर तोंड आवर. जे बोलायचं ते कागदावर बोल." तेच करते आहे.

साखळीत टिल्डेन कॉलेज पहिले आले, म्हणून शेवटच्या चार संघांची स्पर्धा आमच्याच मैदानावर आहे. शुक्रवारी उपांत्य, रविवारी अंतिम. जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेला जाईल, बाकीच्यांनी बूट उन्हात वाळवावेत. सत्तावीस वर्षे मी हा संघ शिकवते आहे. अंतिम सामन्यापर्यंत चारदा पोचलो, चारदा हरलो. पाचव्यांदा हरायची माझी तयारी नाही.

शुक्रवारी संघ मार्लाच्या हाती. ती माझी सहायक, आणि पूर्वी माझ्याच हाताखाली खेळलेली. मुलींना ती "प्लीज" म्हणते.

३० ऑक्टोबर, सोमवार

मार्लाने आज पुन्हा गोलकीपरचा विषय काढला.

"कोच, ब्रिजिटला एखादा सामना द्यायला हवा होता. शेवटचं वर्ष आहे तिचं."

"संघ जिंकतोय, मार्ला."

"हो, पण तिने बिचारीने—"

"जिंकणारा संघ बदलायचा नसतो. हे तुला मीच शिकवलंय."

"हो ना. मला बाकावर बसवून शिकवलंय."

मार्लाची जीभ अलीकडे सुटली आहे. शुक्रवारची हवा आतापासून डोक्यात गेली असावी.

ब्रिजिट डोम्ब्रोव्स्की तीन वर्षे माझी गोलकीपर होती. गाईंच्या गोठ्यात वाढलेली, दार खांद्याने ढकलून उघडणारी मुलगी. सप्टेंबरमध्ये अगदी जवळून मारलेला चेंडू तिच्या कानशिलावर बसला. दुसऱ्या दिवशी ती आपणहून आमच्या फिजिओकडे, डेनिसकडे गेली आणि म्हणाली, पुस्तकातली अक्षरे हलतात. डेनिसने पाच शब्द मागून म्हणायला लावले, तिला तीनच आले. मेंदूला हादरा बसला होता. दोन आठवडे सक्तीची विश्रांती. मी सगळ्या संघापुढे तिला शाबासकी दिली. असेच वागायचे, लपवायचे नाही, असे मुलींना बजावले.

त्या दोन आठवड्यांत गोलात पान्या वांग उभी राहिली. पहिल्या वर्षाची, बुटकी, मांजरीसारखी चपळ. तिच्यावर गोल होईना. ब्रिजिट डॉक्टरची परवानगी घेऊन परत आली तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितले, खेळात जागा कुणाच्या नावावर नसते. ती "हो कोच" म्हणाली. तेव्हापासून "हो कोच" आणि "नाही कोच" यापलीकडे ती माझ्याशी बोललेली नाही. मोठी माणसे असे रुसत नाहीत.

पान्याचे मला पहिल्या दिवसापासून कौतुक आहे. आल्या आल्या म्हणाली होती, "कोच, शाळेत मी दोन वर्षं बाकावर काढली. मला परत बाक नको." अशी भूक हवी.

१ नोव्हेंबर, बुधवार

पेनल्टीचा सराव. आधी मुलींना उरलेल्या तिन्ही संघांच्या पेनल्टींच्या चित्रफिती दाखवल्या. अंतिम सामना जादा वेळेनंतरही बरोबरीत राहिला तर निकाल पेनल्टीवर लागतो, आणि आमच्याकडे तेव्हा संघातली कुठलीही कीपर उभी करता येते, सामना खेळलेली असो वा नसो. पान्या बाण सुटावा तशी सुटते. ब्रिजिट उंच आहे, पण उडीच घेत नाही. मारणारीचा पाय चेंडूला लागेपर्यंत खांबासारखी उभी. मी म्हटले, "बसची वाट बघतेस का?" ती म्हणाली, "नाही कोच."

सरावानंतर दोघी एकमेकींच्या कानाला लागलेल्या. मी जवळ गेले तशा गप्प झाल्या. जिची जागा गेली तिने जिला मिळाली तिच्याशी इतके गोड का असावे, हे मला कळत नाही. लक्ष ठेवले पाहिजे.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकलो. एक-शून्य. रविवारी अंतिम सामना, रॉस्को कॉलेजशी.

मी सामना वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून पाहिला. तिथून मैदान तळहातासारखे दिसते, आणि खिडकी उघडत नाही. ग्रंथपाल लोइस माझी जुनी मैत्रीण. तिने मला खुर्ची दिली आणि वर म्हणाली, "इथे ओरडलीस तर माझ्याकडेही कार्डं आहेत. पुस्तकांची, पण लागतात."

दुर्बीण मी बदके बघायला घेतलेली, आज उपयोगी पडली. पण आवाजाशिवाय सामना बघणे ही शिक्षाच आहे. तोंडे हलतात, शब्द नाहीत. शिट्टीसुद्धा नाही, माणसे अचानक थांबतात तेव्हा समजायचे. मार्ला कडेला हात खिशात घालून उभी होती, एखादी बाई दुकानात रांगेत उभी राहते तशी. तरी मुली नीट खेळल्या. ऑड्रीने पहिल्या हाफमध्येच गोल केला. मी टाळ्या वाजवल्या आणि लोइसने ओठांवर बोट ठेवले.

दुसऱ्या हाफमध्ये एका कॉर्नरला पान्या चेंडूवर झेपावली आणि त्यांच्या उंच मुलीचा गुडघा तिच्या डोक्याच्या बाजूला लागला. पान्या पडून राहिली. मी उठले. उठून काय करणार होते कोण जाणे. डेनिस धावत गेला. त्याच्यामागून पाण्याची बाटली घेऊन ब्रिजिट. डेनिसने काहीतरी विचारले, पान्याने मान हलवली, उठली, हात वर केला. खेळ सुरू. मी बसले. लोइसने माझ्यापुढे पाणी ठेवले, तिच्या वाचनालयात पाण्याला बंदी असताना.

त्यानंतर ब्रिजिट बाकावर परत गेलीच नाही. अंग गरम करण्याच्या मिषाने गोलाच्या मागे उभी राहिली, आणि सामना संपेपर्यंत तिचे तोंड चालू होते. हाताने डावीकडे, उजवीकडे. पान्या प्रत्येक वेळी एक क्षण उशिरा हलायची. एकदा तर तिने चेंडू सरळ समोरच्या संघाच्या मुलीकडे फेकला. नशीब, तिने तो बाहेर मारला. मागून कुणी सतत कानाशी बडबडत असेल तर दुसरे काय होणार? पोरीचा घोटाळा करून टाकला तिने.

शेवटच्या शिट्टीनंतर मी जिना उतरून धावत गेले. या वयात धावू नये. डेनिसला विचारले, "पान्या ठीक आहे?"

"कोणता हाफ, स्कोअर किती, कुणाशी खेळतोय, सगळं बरोबर सांगितलं. डोकं दुखत नाही म्हणाली. रविवारी सकाळी परत तपासतो, शब्दांची परीक्षा घेऊन."

पान्याला म्हटले, "शाब्बास." ती माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघून "थँक यू कोच" म्हणाली. ब्रिजिटने तिचा दंड धरला होता. मी म्हटले, "तिला चालता येतं, ब्रिजिट."

"हो कोच," म्हणाली. पण दंड सोडला नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

हलका सराव. थंडी कडक, ऊन स्वच्छ. पान्या काळा चष्मा लावून आली. ऑड्री म्हणाली, "बघा, एक सामना काय जिंकली, नटी झाली." सगळ्या हसल्या. पान्याही हसली, जरा वेळाने.

मिसेस वांग, तिची आई, नेहमीप्रमाणे संघासाठी एग रोलचा मोठा डबा घेऊन आल्या. घरच्या मैदानावरचा त्यांचा एकही सामना चुकत नाही. खेळातले त्यांना फारसे कळत नाही. मुलगी पडली की डोळे झाकतात, उठली की उघडतात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कोच, काल घरी आली ती जेवली नाही. दिवे घालवायला लावले. भाऊ जरा मोठ्याने बोलला तर त्याच्यावर खेकसली."

"अंतिम सामना आहे, मिसेस वांग. होतं असं. मीही काल जेवले नाही."

"तुम्हीसुद्धा?" त्यांना बरे वाटले. "मग ठीक आहे."

सराव संपल्यावर ब्रिजिट माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच.

"कोच, उद्या पान्याला विश्रांती देता येईल का?"

मी मान वर केली. "का?"

ती थांबली. "थकलीय ती."

"थकलीय? अठरा वर्षांची मुलगी, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी थकलीय. आणि मग गोलात कोण उभं राहणार? तू?"

तिचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत ती म्हणाली, "नाही कोच. तसं नाही."

"मग कसं?"

तिने दाराची कडी धरली. मी सांगून टाकले: उद्या तू बाकावर बसायचंस. गोलाच्या मागे दिसलीस तर कपडे बदलायला पाठवीन. "हो कोच" म्हणून ती गेली. दार खांद्याने नाही, हाताने ओढले, हळूच.

या प्रकाराचा मला मनस्वी वीट आहे. जागा हवी तर सरावात मिळवावी. दुसरीला थकलेली ठरवून नव्हे.

दुपारी कपडे बदलण्याच्या खोलीवरून जाताना आतून दोघींचे आवाज आले. दिवा बंद होता. ब्रिजिट एकेक शब्द सांगत होती आणि पान्या मागून म्हणत होती. "कोपर. लिंबू. गालिचा. खोगीर. बुडबुडा." पुन्हा. "कोपर. लिंबू. गालिचा..." पान्या अडकली. ब्रिजिट म्हणाली, "खोगीर. घोड्यावरचं. परत म्हण." कुठल्यातरी विषयाच्या परीक्षेची तयारी असावी, सोमवारी बऱ्याच वर्गांच्या परीक्षा आहेत. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीही अभ्यास करतात हे पाहून, खरे सांगायचे तर, बरे वाटले. सकाळी ब्रिजिटला जरा जास्त बोलले असेन. तरी शब्द मागे घेण्यासारखे काही नव्हते.

५ नोव्हेंबर, रविवार सकाळ

रात्री घड्याळे तासभर मागे गेली, त्यामुळे मी सगळ्यांच्या आधी मैदानावर. गवतावर दव गोठले होते. दुपारी सामना संपत येईल तेव्हा सूर्य कार्यालयाकडच्या गोलात उभ्या असलेल्या कीपरच्या डोळ्यांवर येईल. नाणेफेक जिंकलो तर ती बाजू शेवटी त्यांना द्यायची.

डेनिसने पान्याला तपासले. "पास. पाचही शब्द बिनचूक, एका दमात. इतक्या पटकन मलासुद्धा येत नाहीत."

रॉस्कोची बस आली. त्यांच्या मुली गाणी म्हणत उतरल्या. आमच्या मुली बघत राहिल्या. मी म्हटले, "गाणी संपली की खेळायचंय त्यांनाही." मार्ला म्हणाली, "कोच, आज चष्मा डोळ्यांवरच ठेवा, प्लीज."

रविवार संध्याकाळ, दवाखान्यात

क्रमाने लिहिते.

नाणेफेक हरलो. दुसऱ्या हाफमध्ये ऊन आमच्याच गोलात.

पहिल्या हाफमध्ये रॉस्कोने फार काही करू दिले नाही, आम्हीही नाही. ब्रिजिट बाकाच्या टोकाला बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली. पान्याकडे फारसे काम आले नाही. जे आले ते तिने पायाने बाहेर मारले. हाताने झेलण्यासारखे चेंडूही पायाने. मध्यंतरात ती माझ्याजवळ आली.

"कोच, ब्रिजिटला मागे उभी राहू द्या ना."

"कशाला?"

"ती सांगते मला. चेंडू कुठून येतोय ते."

मी तिला जे म्हणाले ते जसेच्या तसे लिहिते. मी म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यांनी गोल राखता येत नाही, पान्या."

ती परत गेली.

दुसरा हाफ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात त्यांच्या नऊ नंबरने दुरून, उगाच मारावा तसा चेंडू मारला. साधा चेंडू. पान्याने उडी मारली ती चेंडूच्या हातभर बाजूला, जणू तिथे आणखी एक चेंडू होता. शून्य-एक. रॉस्कोच्या बाकावर नाच सुरू झाला. बाकावरून ब्रिजिट उभी राहिली, माझ्याकडे पाहिले आणि खाली बसली. मी ओरडले, "पान्या, जागी हो!" तो आवाज वाचनालयाच्या काचेतूनही आत गेला असेल.

ऑड्रीने बरोबरी केली. कशी ते आज लिहिवत नाही, पण गोल सुंदर होता. त्यानंतर रॉस्को नुसती चढत राहिली. आमच्या बचावाच्या मुली जीव टाकून आडव्या येत होत्या. मला वाटले जिद्द आहे. आता वाटते, त्यांनाही काहीतरी कळले असावे. पान्यापर्यंत चेंडू पोचू द्यायचा नाही असे त्यांनी आपापसात ठरवले असावे. मी विचारलेले नाही.

जादा वेळ. पहिली दहा मिनिटे, मग दुसरी. एक चेंडू आडव्या खांबाला लागून परत आला आणि मिसेस वांगनी डोळे झाकले ते पुढे उघडलेच नाहीत. शिट्टी. एक-एक. पेनल्टी.

पंच म्हणाले, नावे सांगा. पाच मुली मी बुधवारीच ठरवल्या होत्या. कीपर पान्या, हेही ठरले होते. तिला समोर उभे केले. ती हातमोजे काढून पुन्हा घालत होती, आणि डावा उजव्या हातात घालत होती. मला वाटले, घाई.

"त्यांची नऊ नंबर कुठे मारते? बुधवारी बघितलं होतंस."

ती मोजेच ओढत राहिली.

"पान्या, नऊ नंबर."

"उजवीकडे," ती म्हणाली. मग, "डावीकडे." मग माझ्यामागे बघितले. मी वळले. मागे ब्रिजिट उभी होती, बाकापासून तीन पावले पुढे. तिला तिथे यायची बंदी होती. तिचे ओठ हलत नव्हते. पान्या त्या बंद ओठांकडे वाट बघितल्यासारखी बघत होती.

का ते सांगता येत नाही, पण मला सकाळचा डेनिस आठवला. एका दमात, म्हणाला होता.

मी म्हटले, "पान्या, मी पाच शब्द सांगते, मागून म्हण. काकडी. पूल. घंटा. दोरी. वाळू."

तिने डोळे मिटले. शहाण्या मुलीसारखी, पाठ केलेले म्हणावे तशी म्हणाली, "कोपर. लिंबू. गालिचा. खोगीर. बुडबुडा."

आजूबाजूला किती गोंगाट असेल, मला आठवत नाही. पुन्हा काचेआड बसल्यासारखे झाले.

मी ब्रिजिटला विचारले, "तुला माहीत होतं?"

"हो कोच."

"काल का नाही सांगितलंस?"

"काल सांगायलाच आले होते." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही म्हणालात, गोलात कोण, तू? मग कसं सांगू? मी काहीही बोलले असते तरी जागेसाठी बोलले असं झालं असतं. आणि ती म्हणत होती, कोच, ती रडत म्हणत होती, की सांगू नकोस. सप्टेंबरमध्ये तू सांगितलंस, तर बघ तुझं काय झालं, म्हणाली."

पंच घड्याळ बघत होते.

डेनिसला हाक मारली. त्याने पान्याच्या डोळ्यांत बघितले, तिला बोटाच्या मागे बघायला लावले, आणि त्याचा रंग उतरला. "दवाखाना. आत्ता," म्हणाला. त्याला मैदान सोडता येत नव्हते, दोन्ही संघांची जबाबदारी त्याच्यावर. मार्ला म्हणाली, "मी नेते, कोच. तुम्ही थांबा."

मी थांबणार नव्हते. पाच नावे मार्लाला सांगितली. पंचांना म्हटले, "कीपर ब्रिजिट डोम्ब्रोव्स्की." पान्याने तेवढे ऐकले आणि तिचे तोंड वाकडे झाले, लहान मुलाचे होते तसे. पण हातमोजे तिने स्वतःच काढले आणि ब्रिजिटच्या छातीवर दाबले. "माझे घे. ह्यांना पकड चांगली आहे."

"ओले आहेत गं," ब्रिजिट म्हणाली.

"घे म्हटलं ना."

ब्रिजिट गोलाकडे चालत गेली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. मी तिच्याशी काही बोलले नाही. बोलायला हवे होते का, ते आता ठरवता येत नाही.

गाडीत मिसेस वांग मागे बसल्या, मुलीचे डोके मांडीवर घेऊन. त्या त्यांच्या भाषेत एकसारखे काहीतरी पुटपुटत होत्या. मैदान मागे पडले तेव्हा एक मोठा आवाज आला, हजार माणसांचा. आनंदाचा की दुसरा, हे गाडीतून कळले नाही. मी काच वर केली.

पान्या म्हणाली, "कोच, माझी जागा गेली ना?"

"डोळे मीट."

"गेली ना पण?"

"तुला डोळे मिटायला सांगितलंय."

दवाखान्यात तिला लगेच आत घेतले. मेंदूचे चित्र काढले. रक्तस्राव नाही. हादरा आहे, बऱ्यापैकी मोठा, शुक्रवारचा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "आज आणखी एक धक्का बसला असता तर—" आणि माझ्याकडे बघून थांबल्या. मी त्यांना पुढे विचारले नाही. मिसेस वांगनी विचारले. त्यांनी सांगितले. मिसेस वांग उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवरून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. योग्यच होते.

मार्लाचा फोन आला. "कोच, हरलो." मग हुंदका. "ब्रिजिटने दोन अडवले. दोन, कोच! हललीसुद्धा नाही, वाट बघत उभी राहिली आणि अडवले. ऑड्रीचा खांबाला लागला. प्लीज ऑड्रीला काही बोलू नका."

"नाही बोलणार. मुलींना खायला घाल."

"पान्या?"

"बरी होईल."

थोड्या वेळाने ब्रिजिट आली, मैदानावरच्याच कपड्यांत, गुडघ्यांवर माती. परिचारिकेने तिला अडवले तर म्हणाली, "मी तिची बहीण." परिचारिकेने एकदा तिच्या पिवळ्या केसांकडे, एकदा मिसेस वांगकडे पाहिले. मिसेस वांग म्हणाल्या, "हो, बहीण आहे." आत सोडले. दाराच्या फटीतून मला ऐकू आले. पान्या म्हणत होती, "नऊ नंबर कुठे मारला?"

"मधोमध. तुझ्या दोन्ही बाजू चुकल्या, बये."

दोघी हसल्या. पान्या "नको, दुखतं" म्हणाली, आणि पुन्हा हसल्या.

ब्रिजिट बाहेर आल्यावर मी उभी राहिले. तिला म्हटले, "शनिवारी तू दारात आलीस तेव्हा मी तुला बसायला सांगायला हवं होतं."

ती "हो कोच" म्हणाली नाही. "हो," म्हणाली. नुसतेच.

दवाखाना पान्याला आज घरी सोडतो आहे. आई रात्रभर शेजारी राहणार, वाचन नाही, पडदे बंद, वर्गांना सुट्टी. मैदानावर कधी, ते डॉक्टर ठरवतील, मी नाही. उद्या सकाळी संचालकांना मी स्वतः सगळे सांगणार आहे, ब्रिजिटचे शनिवारचे वाक्य आणि माझे वाक्य, दोन्ही.

दाराशी सोपवले ते असे.

मिसेस वांग यांच्याकडे: त्यांची मुलगी, चाकाच्या खुर्चीतून. तिची निळी पिशवी, बूट, जाकीट, काळा चष्मा. डॉक्टरांच्या सूचना. उपविजेत्यांचे पदक, मार्लाने पाठवलेले, पान्याने न बघता आईच्या हातात दिले. एग रोलचा रिकामा डबा. दवाखान्याच्या नळाखाली मी धुतला. डबा घेताना मिसेस वांगनी माझ्याकडे पाहिले नाही, पण घेतला.

ब्रिजिटकडून मला मिळाले: पान्याचे हातमोजे, अजून ओले.

पान्याने हात पुढे केला. ते मी तिला दिले नाहीत. तिला सांगितले, हे माझ्या कचेरीत खुंटीवर राहतील, दुसरी कुणी घालणार नाही. डॉक्टर परवानगी देतील त्या दिवशी ये आणि घेऊन जा. जागाही तिथेच असेल.

तिने आईकडे पाहिले, मग ब्रिजिटकडे. ब्रिजिट म्हणाली, "खरं सांगतायत त्या."